इंटर्नल ऑडिटमध्ये नव्याने येताय? एआयच्या काळात सुरुवात कुठून करायची

काही वर्षांपूर्वीपर्यंत इंटर्नल ऑडिटला लागलेल्या मुलाचं पहिल्या दिवसाचं काम ठरलेलं असायचं. समोर व्हाउचरांच्या फाइली, हातात पेन आणि साहेबांचा एक शब्द, "सॅम्पल काढ." वर्षाच्या दहा हजार बिलांतली शंभर-दीडशे निवडायची, टिक मारत जायचं आणि बाकीच्यांचं बरं चाललं असेल असं धरून चालायचं. आज तीच दहा हजार बिलं संगणक चहा येईपर्यंत तपासून देतो, आणि तुमच्यासमोर चारशे ‘संशयास्पद’ ओळींची यादी येते. पूर्वी दिसायचं कमी, आता दिसतं फार. चारशेपैकी खऱ्या भानगडी किती, हे शोधून काढणं आणि उरलेल्यांचं कारण लिहून ठेवणं, हे तुमचं काम आहे. एआयने व्यवसायात केलेला बदल मुख्यतः एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

हा लेख बी.कॉम. करून सीए फर्ममध्ये लागलेल्यांसाठी, आर्टिकलशिप (सीएकडची उमेदवारी) करणाऱ्यांसाठी, कॉस्ट अकाउंटन्सीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्यातल्या एखाद्या कंपनीच्या ऑडिट विभागात पहिली नोकरी धरलेल्यांसाठी आहे. पायऱ्या मुद्दाम या क्रमाने दिल्या आहेत. एआय पाचव्या पायरीवर येतं. त्याआधीच्या चार वगळून थेट तिथे उडी मारणारे बरेच भेटतात. त्यांचे अहवाल दिसायला देखणे असतात आणि पहिल्याच मीटिंगमध्ये गोदामवाला ते उडवून लावतो.

पायरी १ : कोणतं ऑडिट, ते नीट कळू द्या

नागपुरात ‘ऑडिटला आहे’ म्हटलं की कोणी सिव्हिल लाइन्समधल्या महालेखाकार कार्यालयाचं नाव घेतं, कोणी सीएकडच्या बॅलन्स शीटवरच्या सहीचं. इंटर्नल ऑडिट या दोन्हींहून वेगळं. वैधानिक लेखापरीक्षक, म्हणजे बॅलन्स शीटवर सही करणारा सीए, भागधारकांना सांगतो की हिशेब खरे आणि रास्त आहेत का. इंटर्नल ऑडिटर संचालक मंडळाला आणि ऑडिट समितीला सांगतो की कंपनीचा कारभार चालतो त्या नळाला गळती कुठे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४४ प्रमाणे वैधानिक लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचं इंटर्नल ऑडिट करता येत नाही.

कोणाला हे ऑडिट सक्तीचं आहे, ते कलम १३८ आणि त्याखालच्या २०१४ च्या नियमांत आहे. शेअर बाजारात नोंदलेली प्रत्येक कंपनी त्यात येते. खासगी कंपनीची उलाढाल २०० कोटी किंवा त्याहून जास्त असेल, किंवा बँका-वित्तसंस्थांचं फेडायचं बाकी असलेलं कर्ज वर्षात कधीही १०० कोटींच्या वर गेलं असेल, तर तीही येते. शेअर बाजारात नोंद नसलेल्या सार्वजनिक कंपनीला हेच दोन निकष लागू आहेत, शिवाय ५० कोटींचं भरणा भागभांडवल किंवा २५ कोटींच्या ठेवी. इंटर्नल ऑडिटर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट असू शकतो, किंवा मंडळ ठरवेल तो अन्य व्यावसायिक. हा शेवटचा पर्याय लक्षात ठेवा. डेटा सायन्स शिकलेल्या इंजिनिअरला या धंद्याचं दार तिथूनच उघडतं.

स्थानिक बाजू पाहिली तर काम भरपूर आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या खाणकामातल्या दोन सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात आहेत, विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात आयटी आणि विमान-देखभालीची कामं आहेत, विदर्भभर जिनिंग आणि राइस मिल आहेत, आणि सहकारी बँका आहेत. रिझर्व्ह बँकेने ३ फेब्रुवारी २०२१ च्या परिपत्रकाने ५०० कोटी आणि त्यावर मालमत्ता असलेल्या नागरी सहकारी बँकांना जोखीम-आधारित (जिथे धोका जास्त तिथे तपासणी जास्त, असं) इंटर्नल ऑडिट लागू केलं, तेव्हापासून त्या बाजूचीही मागणी वाढली.

पायरी २ : एक प्रक्रिया पायी फिरून शिका

लॅपटॉप उघडण्याआधी एक प्रक्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी बघा. कापूस खरेदीचं उदाहरण घेऊ, कारण हंगामात ते नागपूर-वर्धा-यवतमाळ पट्ट्यात कुठेही बघायला मिळतं.

गाडी फाटकावर येते, तिथे नोंद होते. मग काटा. भरलेल्या गाडीचं वजन होतं. ग्रेडर कापूस हातात घेऊन धागा ओढून बघतो, ओलावा मोजतो, भाव ठरतो. गाडी खाली होते. परत काटा, आता रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ माल. काटा पावती, खरेदी पावती, मग बँकेतून पैसे. पुढे कापसातून रुई आणि सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि गाठ साधारण १७० किलोची असते.

प्रत्येक ठिकाणी थांबून तीन गोष्टी विचारा : इथे नोंद कोण करतं, ती कशात करतं आणि चुकली तर दुरुस्त कोण करतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा लगेच मिळत नाही. ते जिथे मिळत नाही तिथे वहीत खूण करून ठेवा. एआयचं कोणतंही मॉडेल तुम्हाला ही खूण करून देणार नाही, कारण मॉडेल काट्यावर उभं राहिलेलं नाही. बुटीबोरीच्या कारखान्यात जा की कळमन्याच्या अडतीवर, पद्धत हीच. बघणं झालं की त्याच संध्याकाळी एका पानावर प्रवाह काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलेलं असतं.

पायरी ३ : डेटा मागा, आणि तो पुरा आहे का ते आधी तपासा

नवशिक्याची सवय अशी की एक्सेल फाइल आली की काम सुरू. फाइल कोणी काढली, कोणती गाळणी (फिल्टर) लावून काढली, हे विचारायचं राहून जातं. खरेदी नोंदवही मागाल तर तिची बेरीज ट्रायल बॅलन्सशी (सगळ्या खात्यांच्या शिलकींच्या यादीशी) जुळवा. बिल क्रमांकांची साखळी मध्येच तुटते का ते बघा. काढून देणाऱ्याच्या शेजारी बसून, पडद्यावर बघत निर्यात करून घेतलेली बरी. यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही, फक्त नम्रपणे सांगा, "दादा, मला पण शिकायचं आहे, सोबतच काढू."

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, चालू असणं सक्तीचं आहे. टॅलीतला एडिट लॉग तोच. ही नोंद एरवी कोणी उघडून बघत नाही. तुम्ही बघा. मार्चअखेरीस तारीख मागे नेऊन बदललेली व्हाउचरं एका गाळणीत समोर येतात, त्यासाठी एआय लागत नाही.

पुरेपणाचा मुद्दा का महत्त्वाचा, ते पंजाब नॅशनल बँकेच्या २०१८ च्या प्रकरणावरून कळतं. मुंबईतल्या एका शाखेतून हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेतून परदेशी बँकांना जात होते आणि त्यांची नोंद बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत होत नव्हती. दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. त्या काळात आजचं सर्वांत हुशार मॉडेल मुख्य प्रणालीच्या डेटावर चालवलं असतं, तरी त्याला काही सापडलं नसतं, कारण घोटाळा त्या डेटात नव्हताच. म्हणून कोणतीही फाइल हातात आली की विचारा, यात काय येत नाही? हाताने लिहिलेली वही आहे का? दुसरं सॉफ्टवेअर आहे का? व्हॉट्सॲपवर मंजुरी देतात का? देतात, बहुतेक ठिकाणी.

पायरी ४ : साध्या चाचण्या आधी

एका बिलाचे दोनदा पैसे गेले का, मंजुरीची मर्यादा ५०,००० असताना ४९,५०० ची तीन बिलं एकाच आठवड्यात एकाच पुरवठादाराला गेली का, कर्मचाऱ्याच्या आणि पुरवठादाराच्या बँक खात्याचा क्रमांक एकच आहे का. हे तीन प्रश्न एक्सेलमध्येच सुटतात आणि पैसेही बहुतेक इथेच सापडतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिले सहा महिने पिव्होट टेबल, एक्सलुकअप आणि पॉवर क्वेरी या एक्सेलच्याच सोयींवर हात बसवावा. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा नंतर.

दुबार बिलात मेख अशी की ती हुबेहूब नसतात. एकात बिल क्रमांक ‘०४५/२४-२५’ असतो, दुसऱ्यात ‘४५’. म्हणून क्रमांकातली सुरुवातीची शून्यं, वर्षाचा भाग, तिरप्या रेघा, जागा काढून टाका आणि मग रक्कम व तारखेसोबत जुळवा. नावांची जुळवाजुळव त्याहून कठीण. वानखेडे इंग्रजीत कोणी डब्ल्यूने लिहितं कोणी व्हीने. उलट बाजूने, विदर्भात गजानन नावाची दुकानं, एजन्सीज आणि ट्रेडर्स इतके आहेत की नावांचं साम्य शोधणारं सॉफ्टवेअर त्या सगळ्यांना एकच माणूस समजतं आणि यादी फुगते. यावर उपाय नावात नाही, जीएसटी क्रमांकात आहे. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंतचा भाग कापून घेतला की एकाच पॅनवर वेगवेगळ्या नावांनी पुरवठादार झालेले कोण, ते पाच मिनिटांत कळतं.

बेनफोर्डचा नियम तुम्हाला कोणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगेल. नैसर्गिकपणे तयार होणाऱ्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३०.१ टक्के आणि ९ असण्याचं सुमारे ४.६ टक्के असतं. आकडे काही रुपयांपासून काही लाखांपर्यंत पसरलेले असतील तर हा नियम कामाचा. सगळी बिलं एकाच भावाची, एकाच गाडीच्या मापाची असतील तर तो लावू नका, खोटा गजर होईल.

पायरी ५ : आता मॉडेल

साध्या चाचणीला काय शोधायचं ते तुम्ही सांगता. मॉडेलला फक्त डेटा देता आणि ‘इथे वेगळं कोण दिसतंय’ एवढंच विचारता. आयसोलेशन फॉरेस्ट ही त्यातली बरीच वापरली जाणारी पद्धत. ती डेटाला वाटेल तिथे कापत जाते. जी ओळ थोड्याच कापांत बाकीच्यांपासून एकटी पडते ती विचित्र धरली जाते. प्रत्येक ओळीला एक गुण मिळतो. त्या गुणाचा अर्थ ‘वेगळी’ एवढाच असतो. ‘चोरी’ असा नसतो. अहवालात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेत तर समोरचा विभागप्रमुख तुम्हाला परत फाटकाच्या आत घेणार नाही.

काट्याचंच उदाहरण पुढे नेऊ. एकाच गाडीचं रिकामं वजन हंगामभर जवळजवळ सारखं यायला हवं. समजा, एका गाडीचं ते ८,४०० किलोच्या आसपास येतं आणि काही दिवशी ८,१५० नोंदलेलं आहे. रिकामं वजन कमी नोंदलं की निव्वळ माल जास्त दिसतो. अडीचशे किलो म्हणजे अडीच क्विंटल. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला तर एका फेरीत १७,५०० रुपये जास्तीचे गेले. मॉडेल अशा फेऱ्या लाल करून देतं. छान. आता काट्यावर जा.

काटेवाला सांगतो, "साहेब, पहिल्या काट्याच्या वेळी ताडपत्री गाडीवर होती, दुसऱ्या वेळी खाली. पाणी पडत होतं ना त्या दिवशी." ओली ताडपत्री आणि दोरखंड जड असतात हे खरं. ड्रायव्हर आणि क्लीनर भरल्या गाडीत बसून राहिले आणि रिकाम्या काट्याला उतरले, तर सव्वाशे किलो तिथेच गेले. ही चूकही असू शकते आणि युक्तीही. डिझेलचं म्हणाल तर ३०० लिटरच्या भरलेल्या टाकीत सुमारे २५० किलो डिझेल असतं, म्हणजे टाकी भरलेल्या आणि टाकी तळाला गेलेल्या दिवसांची तुलना केली तर अख्खा फरक प्रामाणिक निघू शकतो. पण एकाच फेरीत, दोन काट्यांच्या मध्ये, टाकी रिकामी होत नाही.

इतकं ऐकून घेतलं की परत डेटाकडे या आणि नवे प्रश्न विचारा. कमी वजनाच्या फेऱ्या एकाच काटेवाल्याच्या पाळीत येतात का? एकाच व्यापाऱ्याच्या आहेत का? ज्या दिवशी पाऊस नव्हता त्या दिवशीही ताडपत्रीचं कारण दिलं गेलं का? आणि सर्वांत मोलाचा प्रश्न : वजन काट्याच्या इंडिकेटरवरून सॉफ्टवेअरमध्ये थेट आलं की कोणी हाताने टाइप केलं? बहुतेक काट्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने भरलेल्या नोंदीची खूण राहते. ती खूण आणि कमी वजन एकत्र दिसू लागलं की चारशेची यादी पंधरावर येते. मग सीसीटीव्ही मागायचा, तोही लगेच, कारण बऱ्याच ठिकाणी जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जातं. काट्यावर वैधमापन विभागाचा पडताळणी शिक्का चालू आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

उरलेल्या तीनशे पंच्याऐंशी ओळी फेकू नका. प्रत्येकीचं कारण एका रकान्यात भरा : टाकीतलं डिझेल, गाडी बदलली, क्रमांक चुकीचा टाइप झाला. पुढच्या तिमाहीत हीच नोंद मॉडेल सुधारायला लागते. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते नवशिक्याच्याच वाट्याला येतं. आनंदाने घ्या, धंदा कसा चालतो ते या रकान्यात जितकं शिकाल तितकं कोणत्याही कोर्समध्ये नाही.

तयार सॉफ्टवेअर आणलं असेल तर त्याचे नियम स्थानिक करून घ्यावे लागतात. बाहेरच्या टूलमध्ये ‘रविवारची नोंद संशयास्पद’ असा नियम बसवलेला असतो. जिनिंगला हंगामात रविवार नसतो, आणि तीन पाळ्यांच्या कारखान्यात रात्री दोनची नोंद रोजचीच. उलट तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मारबत-बडग्याच्या गर्दीत महालातलं दुकान बंद असताना तिथून माल आल्याचं बिल दिसलं, तर ते टूल मुकाट सोडून देतं. त्याच्या दिनदर्शिकेत तो दिवसच नाही. ती दिनदर्शिका तुम्ही भरा.

पायरी ६ : चॅटजीपीटी, जेमिनी, कोपायलट वगैरे

ही भाषेची मॉडेलं आहेत, हिशेबाची नव्हेत. ऐंशी पानांच्या कंत्राटातून दंडाची, मुदतीची, भाववाढीची कलमं शोधून देणं, एक्सेलचं सूत्र किंवा पायथॉनचा तुकडा लिहून देणं, नव्या विषयासाठी तपासणीच्या मुद्द्यांचा पहिला कच्चा आराखडा, अहवालाची भाषा सुटसुटीत करणं, एवढ्यात ती तरबेज आहेत. बेरीज, कायद्याचं कलम आणि निष्कर्ष या तीन गोष्टी त्यांच्यावर सोडू नका. बेरीज करायला सांगायचीच असेल तर कोड लिहायला सांगा आणि कोड तुम्ही चालवा.

प्रश्न कसा विचारायचा, त्याचा एक नमुना देतो :

"सोबतच्या वाहतूक कंत्राटात उशिराबद्दल दंडाची तरतूद कुठे आहे ते सांग. प्रत्येक उत्तराला पान क्रमांक, कलम क्रमांक आणि मूळ वाक्य जसंच्या तसं दे. तरतूद सापडली नाही तर ‘सापडली नाही’ एवढंच लिही, अंदाज करू नकोस."

शेवटचं वाक्य सांगूनही मॉडेल कधी अंदाज करतंच. म्हणून पान उघडून वाक्य डोळ्यांनी वाचल्याशिवाय ते कार्यपत्रात, म्हणजे ऑडिटच्या कामाच्या लेखी नोंदींत, घ्यायचं नाही. हे अति सावधपणाचं वाटत असेल तर ऑस्ट्रेलियातलं प्रकरण माहीत असू द्या. डेलॉइट या सल्लागार व लेखापरीक्षण फर्मने तिथल्या सरकारला सुमारे ४,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा एक अहवाल दिला होता. त्यात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले, अहवालासाठी एआय वापरल्याचं समोर आलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये फर्मने शुल्काचा काही भाग परत करायचं मान्य केलं. जगातल्या चार मोठ्या फर्मपैकी एकीचं असं होतं, तर आर्टिकलशिप करणाऱ्याच्या मसुद्याची काय कथा.

हातपावत्यांचा एक वेगळा त्रास आहे. बाजार समितीची, काट्याची, हमालीची पावती अजून बऱ्याच ठिकाणी हाताने, मराठी किंवा हिंदीत लिहिली जाते. फोटोवरून आकडे वाचणाऱ्या यंत्राला देवनागरी १ हा इंग्रजी ९ वाटू शकतो आणि ५ हा ४. म्हणून वाचलेल्या आकड्यांची पावतीवरच्या एकूण बेरजेशी जुळणी करणारं सूत्र शेजारच्या रकान्यात हवंच. न जुळणाऱ्या पावत्या बाजूला काढायच्या आणि त्या माणसाने वाचायच्या.

गोपनीयता. कंपनीचा डेटा स्वतःच्या फुकटच्या खात्यावर कधीही चढवायचा नाही. ग्राहकाशी केलेला गोपनीयतेचा करार तर मोडतोच, शिवाय पगारपत्रक किंवा कर्जदारांची यादी असेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ आहे, ज्यात दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. फर्मने मंजूर केलेलं टूल असेल तर तेच वापरा. नसेल तर नावांच्या जागी वि-१, वि-२ असे सांकेतिक शब्द घाला, खातेक्रमांक आणि पॅन काढून टाका, आणि तरीही वरिष्ठांना विचारून मगच पुढे जा. ‘सगळेच करतात’ हे उत्तर कार्यपत्रात लिहिता येत नाही.

पायरी ७ : काय केलं ते लिहून ठेवा

इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्सची नवी जागतिक मानकं जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ९ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. पुरावा संबंधित, विश्वासार्ह आणि पुरेसा असावा, ही त्यांची अपेक्षा. ‘एआयने सांगितलं’ हा यांपैकी कशातच बसत नाही. आपल्याकडे आयसीएआय या सीएंच्या संस्थेची स्वतंत्र इंटर्नल ऑडिट मानकं आहेत, तीही वाचून घ्या. भाषा रुक्ष आहे, पण कामाची.

कार्यपत्रात डेटा कोणाकडून आणि कधी मिळाला, बेरीज कशाशी जुळवली, कोणतं टूल आणि त्याची कोणती आवृत्ती, लाल ठरवायची सीमा किती ठेवली आणि का, किती ओळी आल्या, किती बघितल्या, बाकीच्या का सोडल्या, हे सगळं यायला हवं. सीमा का ठेवली याचं उत्तर ‘यादी आवाक्यात यावी म्हणून’ असं असेल तर तेही खरं लिहा. कसोटी साधी आहे : तुमच्या जागी उद्या दुसरा बसला तर त्याला तुमचंच उत्तर परत काढता आलं पाहिजे. भाषेचं मॉडेल वापरलं असेल तर विचारलेला प्रश्न आणि आलेलं उत्तर दोन्ही जपून ठेवा, कारण तोच प्रश्न परत विचारला तर उत्तर वेगळं येऊ शकतं.

पायरी ८ : कंपनीच्या एआयचंच ऑडिट

हे काम नवं आहे आणि पुढची काही वर्षं माणसं इथेच कमी पडणार आहेत. दुचाकीला कर्ज देणारी वित्तकंपनी अर्जदाराला गुण देणारं मॉडेल वापरते, कारखाना मशीन कधी बिघडेल ते सांगणारं मॉडेल वापरतो, मनुष्यबळ विभाग बायोडाटा गाळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या समितीने वित्तक्षेत्रातल्या जबाबदार एआय वापरावर अहवाल दिला, त्यात ७ सूत्रं आणि २६ शिफारशी आहेत. बँक-वित्तसंस्थांच्या ऑडिटला जाणाऱ्याने तो चाळलेला असावा. २०२३ चं आयएसओ ४२००१ हे एआय व्यवस्थापनाचं मानकही आहे.

सुरुवात मात्र मानकांपासून करू नका. आधी यादी मागा : कंपनीत कुठेकुठे एआय चालतं? बहुधा आयटी विभागाच्या यादीत दोन नावं असतात आणि प्रत्यक्षात विपणनापासून विधी विभागापर्यंत सहा ठिकाणी काहीतरी चालू असतं. मग प्रत्येकाचा मालक कोण, ते कोणत्या काळाच्या डेटावर शिकवलं, शेवटचं कधी तपासलं, मर्यादा बदलायचा अधिकार कोणाला आणि मॉडेलने नाही म्हटलेला अर्ज माणसाने किती वेळा मंजूर केला. हा शेवटचा आकडा फार बोलका असतो. शून्य असेल तर माणूस नुसता अंगठा उठवतोय. फार मोठा असेल तर मॉडेलवर कोणाचा विश्वासच नाही, मग ते ठेवलं कशाला?

कर्जाच्या मॉडेलवर एक चाचणी नवशिक्यालाही करता येते. एक काल्पनिक अर्ज घ्या, उत्पन्न, वय, नोकरी तीच ठेवा, आणि चाचणीच्या यंत्रणेत फक्त पिनकोड बदलून बघा. धरमपेठचा पत्ता टाकला की मंजूर आणि उत्तर नागपूरच्या एखाद्या वस्तीचा टाकला की नामंजूर असं झालं, तर ते मॉडेल पत्त्याच्या आडून भलतंच काही मोजतंय. निष्कर्ष लगेच काढू नका, पण प्रश्न लेखी विचारा. मॉडेल बाहेरच्या कंपनीचं असेल तर करारात आपल्याला तपासणीचा अधिकार आहे का ते बघा. बऱ्याचदा नसतो, आणि तो तुमच्या अहवालातला पहिला मुद्दा होतो.

एक पथ्य. ऑडिट विभागाने खरेदी विभागासाठी नजर ठेवणारं मॉडेल बनवून दिलं, खरेदी विभाग रोज त्यावर विसंबू लागला, आणि वर्षाने ऑडिट विभागच त्याच्या परिणामकारकतेचा अहवाल लिहू लागला, तर स्वातंत्र्य कुठे राहिलं? बनवणारे आणि तपासणारे हात वेगळे हवेत.

शिक्षण आणि नोकरी

इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्सची (आयआयए) सीआयए ही तीन भागांची परीक्षा इंटर्नल ऑडिटसाठी जगभर चालते. माहिती तंत्रज्ञानाच्या बाजूने जायचं असेल तर आयसाका या संस्थेची सीसा (CISA) ही परीक्षा; १५० प्रश्न, चार तास, आणि प्रमाणपत्रासाठी कामाचा अनुभव लागतो. सीए झालेल्यांना आयसीएआयचे माहिती प्रणाली लेखापरीक्षणाचे आणि एआयचे अभ्यासक्रम आहेत. सगळं एकदम करू नका. सीए किंवा सीएमए (कॉस्ट अकाउंटन्सी) चालू असेल तर आधी ते पुरं करा.

प्रमाणपत्राआधी दाखवण्यासारखं एक काम हातात असलं तर मुलाखत वेगळीच होते. ओळखीतल्या एखाद्या दुकानाचा, इतवारीतल्या काकांचा किंवा गांधीबागेतल्या मामांचा, वर्षभराचा टॅली डेटा परवानगीने घ्या. दुबार देयकं, क्रमांकांतले खंड, एडिट लॉग, एवढं तपासा. काय सापडलं, कशाचं कारण मिळालं, कशाचं मिळालं नाही, दोन पानांत लिहा. त्यात एआय कुठे वापरलं आणि त्याने कुठे चुकीचं सांगितलं, ही ओळ आवर्जून घाला. रामदासपेठेतल्या फर्मचा भागीदार असो की बुटीबोरीतला सीएफओ (वित्तप्रमुख), पुढचे सगळे प्रश्न तिच्यावरच विचारले जातील. फाइल दाखवण्याआधी ग्राहकांची नावं मात्र काढून टाका. काकांच्या दुकानातली उधारी परक्याला दाखवणाऱ्या उमेदवाराला कोणी ऑडिटला घेत नाही.